प्रवासातले जुलाब आणि बॅगेतली गोळी: तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_के: लेक उद्या बँकॉकला निघालीय. बॅग भरताना जुन्या पाउचमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची पट्टी सापडली, सहा गोळ्या गेलेल्या, चार शिल्लक. २०१६ ची थायलंडची सहल डोळ्यांपुढे उभी राहिली. चौथ्या दिवशी ताप, मुरडा, शौचावाटे रक्त. इथून नेलेली हीच गोळी तीन दिवस घेतली, काडीचा फरक नाही. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आहे, आमच्याकडे तो या गोळीला दाद देत नाही. अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांत उठून बसले. कुणाला असं झालंय का?

भटक्या_सातारकर: २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) पसरला, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत सापडला तोच ना हा? मावसभाऊ धायरीत राहतो. आधी नुसते जुलाब, आठवड्याने जिना चढताना पाय उचलेना. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. आता चालतो. तेव्हापासून आमच्याकडे उकळल्याशिवाय पाणी माठात जात नाही.

निशा७८: बापरे. जपा त्याला.

औषधवाली_मिरज: माझं मेडिकल आहे. रोज कुणीतरी येतं, "जुलाबाच्या दोन गोळ्या द्या." दोनच! पट्टीवरची लाल रेघ दाखवते, ही चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. ओआरएसची पुडी पुढे केली की रागावतात, शेजारच्या दुकानात जातात. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात हो, तोवर अंगातलं पाणी टिकवायचं. रक्त पडलं, ताप चढला तर मात्र तडक डॉक्टर.

लेस्टरकर: माझं जुलाबाचं नाही, टायफॉइडचं. भारतातून परतल्यावर ताप उतरेना. इथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, पाकिस्तानात गेला होतात का? सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून जो टायफॉइड पसरला, त्याला सेफ्ट्रियाक्सोन हे इंजेक्शनचं अँटिबायोटिकही लागू पडत नाही. माझ्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून करतात ती तपासणी) सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी, सेफ्ट्रियाक्सोन चालणारं निघालं. चौदा दिवस शिरेतून घेतलं. अहवाल येईपर्यंतचे ते तीन दिवस बायको खुर्चीतच झोपायची.

निशा७८: वहिनींना नमस्कार सांगा. मुलाला जुलाब झाले की सासूबाई भाताची पेज देतात, पोटात ठरते. @औषधवाली, पुडी कपात कालवली तर चालते?

औषधवाली_मिरज: नको गं, मोठी पुडी असेल तर अख्ख्या लिटरात. कपात फार खारट होते, लेकराला बाधते. लहानांना सोबत झिंकही देतात, डॉक्टरांना विचार.

मृण्मयी_के: पट्टी बॅगेतून काढली, पुड्या भरल्या. निशा, पेजेत जिरं घालता?

निशा७८: नाही, नुसतं मीठ. तूपसुद्धा दुसऱ्या दिवसापासून.