हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री करावी की सरळ कामाला लागावं?

उंबरठा:
भाची यंदा बारावी झाली, हॉटेल मॅनेजमेंटच करायचं म्हणून हटून बसलीये आणि घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते डिग्रीशिवाय कोणी विचारत नाही, भावजी म्हणतात तीन वर्षं फी भरून शेवटी ट्रेच उचलायचा असेल तर आत्ताच उचल की, तोवर सुपरवायझर होशील. मला भावजींचं पटतं. एस्कॉफिए या फ्रेंच शेफसारखा माणूस, ज्याने मोठ्या किचनच्या कामाची घडी बसवली, तो १८५९ मध्ये १३व्या वर्षी काकांच्या रेस्टॉरंटात कामाला लागला होता. हे काम हाताचं आहे, हाताला वळण लागतं ते काम करूनच. या लाइनमधल्या लोकांनी मोकळेपणाने बोला, गोड गोड नको, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

रात्रपाळी:
फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनला १२ वर्षं काढलीत, त्यातली ४ नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री हॉटेलचा दिवसभराचा हिशोब जुळवायला. डिग्री केलीये आणि तरी सांगतो, नको. आम्हाला इंडस्ट्रियल ट्रेनिंगला एका मोठ्या हॉटेलात पाठवलं, कागदावर होतं की फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस, किचन सगळीकडे फिरवणार. प्रत्यक्षात माझे ११ आठवडे बँक्वेटच्या मागच्या खोलीत गेले, गरम पाण्यात व्हिनेगर टाकून काटे-चमचे पुसत. पुसला की उजेडात धरायचा, बोटाचा ठसा दिसला की परत पाण्यात. कॉलेजला फी मिळाली, हॉटेलला फुकटात माणूस मिळाला, मला काय मिळालं?
आणि जे खरंच कामाला आलं ते शिकवलं दहावी झालेल्या एका सीनियरने. रात्री २ ला दिवस क्लोज करताना हिशोब जुळत नसेल तर तो म्हणायचा, आधी फरकाच्या निम्म्या रकमेची एंट्री शोध, कोणीतरी जमेच्या जागी नावे टाकलं असेल. नाही सापडली तर फरकाला ९ ने भाग जातो का बघ, आकडे उलटे पडले असतील, ५४ चे ४५. आजही मी असंच शोधतो.

तिखटमीठ:
@रात्रपाळी, ट्रेनिंगबद्दल तुमचं अक्षर न् अक्षर खरं आहे, माझ्या बॅचच्या निम्म्या पोरांचं हेच झालं. पण म्हणून डिग्रीच नको हे नाही पटत.
माझ्या पहिल्या किचनमध्ये सगळे हाताने शिकलेले, एकापेक्षा एक वस्ताद. रात्री ४० लिटर स्टॉक, म्हणजे सूप-सॉससाठी हाडं-भाज्या उकळून काढलेला रस, झाला की झाकण लावून पातेलं तसंच उचलून वॉक-इनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रिजमध्ये, वर्षानुवर्षं हेच. मी शिकून आले होते की गरम पदार्थ ५७ अंशांवरून २१ वर २ तासांत यायला हवा आणि तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत, कारण काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट मिळालं की वाढायला लागतात. कोणी ऐकेना. शेवटी सकाळी ६ ला सगळ्यांसमोर पातेल्याच्या मधोमध थर्मामीटर घातला, ३४ अंश. रात्रभर फ्रिजमध्ये राहून! त्या दिवसापासून उथळ ट्रे आणि खाली बर्फ. वस्ताद लोकांचा हात माझ्यापेक्षा दसपट चांगला होता, पण असं का करायचं हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.
आणि एस्कॉफिएचं म्हणाल तर त्यानेच १९०३ ला सगळं पुस्तकात लिहून काढलं की. ते कोणीतरी वाचून शिकावं म्हणूनच ना?

रात्रपाळी:
हे शिकायला तीन वर्षं कशाला लागतात? फूड सेफ्टीचा कोर्स थोड्या दिवसांत होतो, काम करता करता होतो. बाकी अडीच वर्षांचा हिशोब द्या.

कोरी चादर:
अडीच वर्षांचा हिशोब मी देते, कारण मी भावजींच्याच रस्त्याने गेलेली बाई आहे. १९व्या वर्षी रूम अटेंडंट म्हणून लागले. शिफ्टला १५ खोल्या, गादी उचलायची, चादरीचा कोपरा ४५ अंशात दुमडून आत दाबायचा, खिळ्यासारखा बसला पाहिजे. सातव्या वर्षी सुपरवायझर झाले आणि तिथेच अडकले. वरच्या पोस्टच्या इंटरव्ह्यूला लिनेनचे किती संच लागतील हे मी झोपेतही सांगितलं असतं, एक खोलीत, एक लाँड्रीत, एक कपाटात, पण त्यांनी विचारलं ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, ६० टक्क्यांवरून ८५ वर गेली तर वर्षाचं बजेट मांडून दाखवा. मला येईना. ती जागा एका डिग्रीवाल्या मुलाला मिळाली, चादर घालायला त्याला मीच शिकवलं होतं. राग त्याच्यावर नाही, त्याला ते मांडता आलं, मला नाही. पोरीला शिकवा हो.

भटका जीव:
तुम्ही सगळे डिग्रीवर भांडताय, मी ८ वर्षांनी ही लाइनच सोडली त्याचं कारण वेगळं आहे. ब्रेक शिफ्ट. सकाळी ११ ते ३, मग संध्याकाळी ७ ते ११, मधले ४ तास ना घरी जाता येतं ना पगारात धरतात, वर उद्याची ड्यूटी आज रात्री कळणार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हॉटेल-रेस्टॉरंटच्या कामगारांसाठी १९९१ मध्ये खास करार केला, १७२ नंबरचा, त्यात शक्य तिथे ड्यूटीचं वेळापत्रक पुरेसं आधी द्या म्हणजे माणसाला घरचं बघता येईल, असं स्पष्ट लिहिलंय, पण मोजक्याच देशांनी तो मान्य केला. डिग्री असो नसो, सणवार तुमचे नसतात. बहिणीच्या लग्नात मी जेवायच्या वेळी पोचलो. हे पोरीला आधी सांगा.

तिखटमीठ:
हे मात्र सांगितलंच पाहिजे. मला काम आवडतं म्हणून मी टिकले, तरी पहिली दोन वर्षं पाय सुजलेले असायचे.

उंबरठा:
भाचीने सगळं वाचलं. कोरी चादर ताई, तुमचं वाचून ती बराच वेळ गप्प होती. माझं मत थोडं हललंय, भावजींचं अजिबात नाही. आता ठरलंय असं की अ‍ॅडमिशनच्या आधी दोन महिने हाउसकीपिंगला काम करायचं, उभं राहून राहून पाय दुखले तरी हेच हवं असेल तर मग डिग्री. तिने विचारलंय, कॉलेज निवडताना नेमकं काय विचारायचं?

रात्रपाळी:
मी अजूनही सरळ नोकरी म्हणेन. पण जायचंच असेल तर मागच्या बॅचची चार पोरं गाठ आणि विचार, ट्रेनिंगला कुठल्या डिपार्टमेंटला किती आठवडे होतात. कॉलेजच्या कागदावरचं नको, प्रत्यक्ष किती ते. आणि दोन महिन्यांसाठी न घसरणारे बूट घे, एक नंबर मोठे.