घरात तंगी असताना उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं) कशी करावी?

प्रश्न: नोकरी नाही. रोज आभार मानणं खोटं वाटतं. काय करावं?

भायखळाकर: आधी रडून घ्या. बायबलमधलं स्तोत्र १३ बघा, सहाच वचनं: १-२ मध्ये 'कोठवर?', ३-४ मध्ये मागणी, ५-६ मध्ये भरवसा. याच क्रमाने १० मिनिटं प्रार्थना करा. लोक थेट ५ व्या वचनावर उडी मारतात, म्हणून पोकळ वाटतं.

वसईकर: बायबलमधल्या पौलाच्या पत्रात, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये, 'सर्व स्थितीत' उपकारस्तुती करा असं आहे, 'स्थितीबद्दल' नाही. नोकरी गेल्याचे कसले आभार! रात्री ३ ठोस गोष्टी लिहा. 'आशीर्वाद' नको, 'शेजारच्या मावशींनी दिलेली भाजी' चालेल.

भायखळाकर: तेही जमेना तर स्तोत्र ८८, ते अंधारातच संपतं. आणि एकटे बसू नका. बुधवारी मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना (सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना) असतो.