ब्रिटनमधल्या ऑफिसात ‘नॅकर्ड’ म्हणावं का?

सागरगोटा: ब्रिटनला नोकरीसाठी जाणाऱ्यांनी ‘नॅकर्ड’ (अगदी दमलेला किंवा निकामी झालेला) हा शब्द टाळावा, असं माझं ठाम मत आहे. नॅकर म्हणजे निकामी घोडे विकत घेऊन मारणारा आणि त्यांचं कातडं-हाडं विकणारा. ‘नॅकर्स’ तर वृषणांसाठीचा बोलीतला शब्द. दमल्याचं सांगायला ‘शॅटर्ड’ आहे, तो साहेबासमोरही खपतो.

कोरांटी: अजिबात पटलं नाही. शब्दाचं मूळ ओंगळ असलं म्हणून आजचा वापर ओंगळ ठरत नाही. सहकाऱ्यांत हा शब्द सर्रास चालतो; मुलाखत, ग्राहकाला लिहिलेली मेल एवढी ठिकाणं सोडा. ‘शॅटर्ड’ची धाव अर्धीच आहे. माणूस शॅटर्ड म्हणजे गळून गेलेला, किंवा वाईट बातमीने खचलेला. फोनची काच शॅटर्ड म्हणजे मात्र तिचे तुकडे! ‘नॅकर्ड’ माणसाला, गुडघ्याला, गिअरबॉक्सला, सगळ्यांना लागतो.

पानाफिटर: सगळ्यांना लागतो म्हणूनच यंत्रासाठी तो कुचकामी. घरमालकाला ‘बॉयलर नॅकर्ड’ कळवलंत तर त्याला बिघाडाबद्दल काय कळणार? मधूनच चालतो, मधूनच बंद पडतो, तर ‘ऑन द ब्लिंक’. पूर्ण बंद असेल तर ‘पॅक्ड अप’. चालता चालता बंद पडला तर ‘काँक्ड आउट’ (माणसाला लावलं तर बसल्या जागी झोपला). ‘क्लॅप्ड आउट’ म्हणजे वापरून झिजलेलं, बहुधा जुनी गाडी. सोबत दाबाच्या काट्याचा आकडा द्या: कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. त्याखाली असेल तर बहुतेक पाणी कुठेतरी गळतंय.

सागरगोटा: यंत्राचं मान्य. पण आयर्लंडमध्ये ‘नॅकर’ ही ट्रॅव्हलर या भटक्या समाजाला दिली जाणारी शिवी आहे. नवख्याने जोखीम घ्यावीच कशाला?

कोरांटी: अहो, शिवी ते नाम आहे. ते कोणीच उच्चारू नये, यात दुमत नाही. दमलेला या अर्थाचं विशेषण आयरिश लोकही रोज वापरतात. फारच संकोच वाटला तर यमक जुळवून केलेला ‘क्रीम क्रॅकर्ड’ आहे. ‘क्रीम क्रॅकर’ हे बिस्किट, १८८५ मध्ये डब्लिनच्या जेकब्स कंपनीने काढलेलं. नवख्यांची खरी चूक वेगळीच असते. ‘व्हेरी शॅटर्ड’ कानाला खटकतं, तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ हवं. ‘अ बिट नॅकर्ड’ मात्र बिनधास्त म्हणा.