वेंगुर्ले नीट समजून घ्यायचे आहे, कुठून सुरुवात करावी?

खाडीकाठ:
वेंगुर्ल्याची नगरपरिषद १८७६ची. एवढ्याशा बंदरगावात इतक्या लवकर नगरपालिका कशी आली, हे फिरता फिरता कळेल असा क्रम सुचवाल का? फेब्रुवारीत दोन दिवस आहेत.

जांभाचिरा:
बाजारातून नको, बंदरावरून सुरू करा. हे गाव समुद्राकडून वाढले. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली ती गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. नाकेबंदीसाठी महिनोन् महिने उभ्या असलेल्या जहाजांना पाणी आणि तांदूळ इथून जाई.

मग वखार बघा. छप्पर गेलेय, जांभ्याच्या भिंती तेवढ्या उरल्यात. चिऱ्यांच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरली आहेत. मूळ जाड होते तसा चिरा बाहेर सरकतो. त्यामुळे भिंतीवर चढू नका, टेकूही नका. संरक्षित स्मारकाची ही गत बघवत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आंबोली घाटात आहे. १८१२ला वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि पुढे बेळगावकडचा माल घाट उतरून याच बंदरात येऊ लागला. नगरपालिका त्या भरभराटीतली. १८८८ला गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे घाटावर जोडली गेली आणि व्यापार तिकडे वळला. पेठ मोठी, बंदर निवांत, हे असे का ते इथे कळते.

माडबन:
वरच्याशी सहमत. दुसरा दिवस नगरपरिषदेच्या जुन्या कचरा डेपोसाठी ठेवा. तो त्यांनी बघण्याजोगा केलाय: सुका कचरा प्रकारवार वेगळा, ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. आदल्या दिवशी नगरपरिषदेत विचारून ठेवा, म्हणजे दाखवणारा माणूस मिळेल. गावाचा स्वभाव मला तिथेच जास्त दिसतो.

रेल्वेने सावंतवाडी किंवा कुडाळला उतरा, पुढे साधारण २५ किलोमीटर. सावंतवाडीचे स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. एसटी स्टँडपर्यंत रिक्षा लागते, तो वेळ धरा. नाहीतर गाडी चुकते.

खाडीकाठ:
काजू तिथूनच घ्यावेत का?

माडबन:
घ्या, पण फेब्रुवारीत बहुधा गेल्या हंगामाचा गर मिळेल; नवी बी मार्चपासून भरात येते. एक गर मोडून बघा. कटकन तुटला तर चांगला, वाकला तर दमट. पाकिटावरचा २४० किंवा ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर, म्हणून आकडा लहान तर काजू मोठा.