चर्चा: शॉर्ट मॅग्नम वाइल्डकॅटसाठी स्वतः लोड बसवणं, कष्टाचं चीज होतं का?

धागाकर्ता

सव्वा वर्षाच्या खटपटीनंतर रायफल हातात आली. .300 विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम काडतुसाची केस (पितळी पुंगळी), मान दाबून 6.5 मिलिमीटरवर आणलेली, शॉर्ट ॲक्शन (आखूड काडतुसाची बोल्ट-यंत्रणा), 24 इंची नळी. हे वाइल्डकॅट, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः घडवलेलं काडतूस; त्याला कुठलंही प्रमाणित माप नाही, त्यामुळे दाब मोजून छापलेला तक्ताही नाही. केसपासून लोडपर्यंत (कोणत्या गोळीमागे किती दारू) सगळं आपणच करायचं.

माझं ठाम मत आहे की शिकारी रायफलसाठी हे करावं. कारखान्याचं काडतूस हजारो वेगवेगळ्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) बसायला हवं, म्हणून त्यात थोडी ढिलाई ठेवावीच लागते. माझं काडतूस एकाच चेंबरसाठी आहे. एकदा उडालेल्या केसचा खांदा मी फक्त 2 थाऊ (इंचाचे हजारांश) मागे सरकवतो. गोळी लँडपासून (नळीतल्या चरांमधल्या उंचवट्यांपासून) किती लांब बसवायची तेही मीच ठरवतो.

पहिल्या दिवशीच एक धडा मिळाला. मान दाबलेली केस भरली, चेंबरमध्ये घातली, तर बोल्ट शेवटच्या टप्प्यात जड लागला. जोर लावला नाही, काडतूस बाहेर काढलं आणि मायक्रोमीटर लावला. गोळी बसवलेली मान 0.297 इंच भरली. रीमरच्या (चेंबर कोरणाऱ्या हत्याराच्या) नकाशावर चेंबरची मानही 0.297! मान दाबली की पितळ जातं कुठे? आतल्या बाजूला, भिंत जाड होते. गोळी सुटायला मान जराही फुगू शकली नसती, तर दाब कुठवर गेला असता याचा विचार करूनच अंगावर काटा आला. मग सगळ्या माना बाहेरून तासून भिंत 14.5 थाऊवर आणली, म्हणजे भरलेली मान 0.293. आता बोल्ट अलगद बंद होतो.

त्यानंतर 0.3 ग्रेनच्या (दारू तोलायचं बारीक वजन) अंतराने दारू वाढवत शिडी चालवली, म्हणजे प्रत्येक पायरीवर वेग मोजत गेलो. एका ठिकाणी लागोपाठ तीन पायऱ्यांवर वेग जवळजवळ सारखाच आला. तोच माझा लोड. त्या लोडचा तीन गोळ्यांचा ग्रूप (कागदावरच्या छिद्रांचा झुबका) 100 यार्डांवर अर्ध्या इंचात. मोजमाप मुद्दाम देत नाही, दुसऱ्याच्या चेंबरमध्ये ते चालेलच असं नाही. तुमची मतं सांगा.

पितळघासू

रायफल छान, पण मत पटलं नाही. 2018 पासून हॉर्नडी कंपनीचं 6.5 पीआरसी हे तयार काडतूस आहे. शॉर्ट ॲक्शन, तीच गोळी, दाबाची 65,000 पीएसआय ही प्रमाणित मर्यादा, तयार केस, तयार डाय (केसला आकार देणारे साचे). तुमच्या केसमध्ये तिच्यापेक्षा दहाएक ग्रेन पाणी जास्त मावत असेल, म्हणजे साधारण 15 टक्के. नळी आणि दाब सारखे ठेवले तर आकारमान जितके टक्के वाढतं त्याच्या पाव पट टक्क्यांनीच वेग वाढतो, हा जुना अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. म्हणजे 4 टक्के. 3000 फुटांवर 120 फूट प्रति सेकंद. 200 यार्डांवर झीरो केलेल्या (नेम जुळवलेल्या) रायफलीत 400 यार्डांवर गोळी दीड-दोन इंच कमी खाली येईल, एवढाच फरक. जनावराला तो कळत नाही.

त्या 4 टक्क्यांसाठी तुम्ही माना तासल्या, शिवाय नळीचा घसाही (चेंबरपुढचा भाग) लवकर जळणार. मी स्वतः दहा वर्षं हेच केलं, म्हणून कळकळीने सांगतोय.

रानवाट

पितळघासू साहेब, हिशोब बरोबर आहे, पण असाच हिशोब मांडून सगळे थांबले असते तर .22-250 आज नसतं. ते कित्येक वर्षं वाइल्डकॅटच होतं, रेमिंग्टनने 1965 मध्ये प्रमाणित केलं. .25-06 चंही तसंच, 1969 पर्यंत हौशी लोकांनीच जगवलं. आखूड-जाड केसची कल्पनाही मोठ्या कारखान्यातून निघालेली नाही. पाल्मिसानो आणि पिंडेल या दोघांनी 1975 च्या सुमारास .220 रशियनच्या केसवरून पीपीसी काडतूस काढलं आणि बेंचरेस्टच्या (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा) लोकांना आखूड केसची ताकद कळली. विंचेस्टरचं शॉर्ट मॅग्नम त्यानंतर पाव शतकाने आलं.

धागाकर्त्याने स्वतःच्या हाताने चेंबर समजून घेतला. बोल्ट जड लागला तेव्हा थांबला. तयार डबा विकत घेणाऱ्याला ही जाण कुठून येणार?

क्रोनोवाला

वाइल्डकॅट असावं की नाही यावर माझं काही म्हणणं नाही. पण शिडीवरून निवडलेल्या लोडवर गंभीर आक्षेप आहे.

धागाकर्ते, प्रत्येक पायरीवर किती गोळ्या मारल्या? एकेकच असणार. एकाच लोडच्या दोन गोळ्यांत 20-25 फुटांचा फरक सहज पडतो. 0.3 ग्रेन दारूने वाढणारा वेग त्याहून जास्त नसतो. म्हणजे तीन पायऱ्या सपाट दिसणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. हीच शिडी दुसऱ्यांदा चालवा, सपाट जागा बहुधा वेगळीकडे निघेल.

पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन (वेग किती विखुरतात त्याचं माप) 10 फूट आलं, तर खरं विचलन 6 ते 29 यांच्यामध्ये कुठेही असू शकतं (95 टक्के खात्रीने). दहा गोळ्या मारल्या तर 7 ते 18. तीस मारल्या तर 8 ते 13, आणि तिथे कुठे बोलण्यासारखं काही हाती लागतं. ग्रूपचंही तेच. त्याच रायफलीचा, त्याच लोडचा दहा गोळ्यांचा ग्रूप तीन गोळ्यांच्या ग्रूपपेक्षा सरासरी 1.6 पट मोठा असतो. तुमचा अर्धा इंच त्यामुळे पाऊण-एक इंच धरा. शिकारीला तेवढं पुरेसं आहे, पण अर्धा इंच समजून लांबचा नेम धरू नका.

धागाकर्ता

क्रोनोवाला, एकेकच मारली होती, कबूल. केसेस पन्नासच आहेत आणि प्रत्येकीवर तासभर गेलाय, म्हणून हात आखडता घेतला. हे कारण पुरेसं नाही, हे तुमचे आकडे वाचून पटलं.

पितळघासू साहेब, 4 टक्क्यांसाठी मी हे केलेलं नाही. मला जड गोळी शॉर्ट ॲक्शनमध्ये, कमी दाबावर, पीआरसीच्याच वेगाने हवी होती. आकारमान जास्त असलं की तोच वेग कमी दाबात मिळतो. हा फायदा वेगाच्या आकड्यात दिसत नाही.

पितळघासू

हा मुद्दा मान्य. पण मग दाब खरंच कमी आहे हे कशावरून? प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) चपटा झाला नाही म्हणून? प्राइमर, केसच्या बुडावर उमटलेली इजेक्टरची खूण, जड बोल्ट, ही लक्षणं बहुतेक वेळा 65,000 ओलांडल्यावरच दिसतात. लक्षण नाही म्हणजे दाब नाही, असं कधीच धरू नका. त्यातून ही केस बुडाशी 0.555 इंच जाड, नेहमीच्या मॅग्नमची 0.532. त्याच दाबाला बोल्टवर जास्त जोर येतो.

उडालेल्या केसमध्ये पाणी भरून आकारमान मोजा, ते क्विकलोड या दाब-वेगाचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. क्रोनोग्राफने मोजलेला वेग अंदाजापेक्षा जास्त आला, तर दाबही जास्त आहे असंच समजायचं. जास्तीचा वेग कुठून तरी येतोच. आणि लोड थंडीत बसवला असेल तर उन्हात तापलेल्या काडतुसांवर पुन्हा तपासल्याशिवाय शिकारीला नेऊ नका.

रानवाट

एक राहिलंच. केसच्या बुडावर अजून 300 डब्ल्यूएसएम (.300 विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) असंच कोरलेलं आहे ना? नळीवर खरं नाव कोरून घ्या आणि डब्यावर ठळक चिकटवा. विंचेस्टरने 7 मिलिमीटर शॉर्ट मॅग्नमचा खांदा मुद्दाम पुढे सरकवला, ते काडतूस .270 शॉर्ट मॅग्नमच्या चेंबरमध्ये चुकून जाऊ नये म्हणूनच. तुमची रायफल उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला ही पितळं बघून काय कळणार?

धागाकर्ता

नळीवर नाव आहे, डब्यांवर नव्हतं. आज लावतो. पाणी भरून दहा केसेस मोजल्या, सरासरी टाकतो. सपाट दिसलेल्या जागेपासून एक ग्रेन खाली येऊन एकाच लोडच्या वीस गोळ्या मारणार, दोन दिवसांत दहा-दहा, नळी थंड होऊ देत.

क्रोनोवाला

वीसही वेग टाका, वाईट वाटलेली गोळी वगळू नका. आणि सगळ्या गोळ्या एकाच कागदावर मारा.