दहावी-बारावीनंतर अप्रेंटिस की फौज? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

भाचा कळव्याला असतो, यंदा दहावीला. घरात सगळ्यांचं अकरावी सायन्स, कुठला क्लास लावायचा एवढंच चाललंय आणि ह्याला एकतर वर्दी पाहिजे नायतर हातात पाना पाहिजे. तुम्ही किंवा घरातल्या कोणी अप्रेंटिस, अग्निवीर (चार वर्षांची सैन्यभरती), एनडीए (बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायची अकादमी) यातलं काही केलं असेल तर पैसे, वय, त्रास सगळं खरं लिहा. रील्स बघून झालेत आमचे.

कोपरीकर फिटर:
आयटीआय करून मध्य रेल्वेची अप्रेंटिसशिप केली, माटुंगा वर्कशॉप. परीक्षा-बिरीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क धरून मेरिट लागतं, म्हणून "आयटीआयच करायचंय मग दहावीला कशाला अभ्यास" हे भाच्याच्या डोक्यातून काढा. वर्षभर महिना सात हजार स्टायपेंड. आणि संपल्यावर रेल्वे आपोआप घेते असं सोसायटीत सगळे सांगतात, तसं काही नसतं हो, लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत 20 टक्के जागा अप्रेंटिस झालेल्यांना राखीव असतात पण परीक्षा द्यावीच लागते आणि ती भरती निघेपर्यंत घरी बसून चालत नाही. मी महापेला एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो, तिथे सर्टिफिकेटपेक्षा मशीनवर हात चालतो का तेच बघितलं.

घणसोलीचा दादा:
धाकटा भाऊ अग्निवीर आहे, आर्मी. तो 2022 ला मुंब्र्याला कौसाच्या स्टेडियमवर झालेल्या रॅलीतून गेला, तेव्हा आधी ग्राउंड मग लेखी होतं. 2023 पासून उलटं झालंय, आधी ऑनलाइन सीईई म्हणजे लेखी परीक्षा, मग ग्राउंड, त्यामुळे नुसतं पाम बीचला पहाटे पळून भागत नाही, गणित-जीके पण पाहिजे. त्याच्या वेळी 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पूर्ण 60 मार्क, दहा बीमचे (पुल-अप्स) 40, वर नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. पोरं रनिंगवर मरतात आणि बीमला लटकून राहतात. आता पैशाचं. पहिल्या वर्षी महिना 30,000 पण हातात 21,000, बाकीचे सेवा निधीत जातात, सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण 11.71 लाख. पर्मनंट जास्तीत जास्त 25 टक्केच, बाकीच्यांना पेन्शन नाही ग्रॅच्युइटी नाही. आई अजून हेच धरून बसलीय की पुढे काय, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकत नाही. भाऊ मात्र मजेत आहे.

नेरुळची आई:
मुलगी एनडीए देतेय. यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, गणित 300 मार्कांचं, जीएटी (इंग्रजी आणि सामान्य ज्ञान) 600 आणि मग एसएसबी म्हणजे मुलाखत-चाचण्या 900. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते पण पेपर गणिताचाच असतो, हे आर्ट्स घेणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्या. मुलींना 2021 च्या कोर्टाच्या आदेशानंतर दार उघडलं, 2025 च्या मे मध्ये पहिल्या 17 जणी खडकवासल्यातून बाहेर पडल्या, तो व्हिडिओ आमच्याकडे रोज लागतो. भाऊ, भाच्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं एसपीआय बघा, एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था आहे, दहावीनंतर प्रवेश परीक्षा, दोन वर्षं तिथेच राहून तयारी. मुलींचं नाशिकला आहे.

ऐरोली 708:
मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची नोकरी, फौजेतली नेव्ही नाही, हे आधी घरी समजवा, आमच्याकडे समजवेपर्यंत एका एजंटला पैसे देऊन झालेले. जीपी रेटिंग म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा कोर्स दहावीवर होतो, सहा महिन्यांचा, पण इन्स्टिट्यूट डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) यादीत आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

वाशीचा वेल्डर:
माझगाव डॉकची (सरकारी जहाजबांधणी कंपनी) अप्रेंटिसशिप कोणीच कशी लिहिली नाही? तिथे ग्रुप ए मध्ये दहावी पासला डायरेक्ट घेतात, आयटीआय लागत नाही, ट्रेड तेच शिकवतात. परीक्षा असते. वय 15 ते 19, म्हणून बारावी करून मग बघू म्हणाल तर फार वेळ उरत नाही. वाशीवरून हार्बरने थेट डॉकयार्ड रोड, कळव्याहून मात्र कुर्ल्याला गाडी बदला.

घणसोलीचा दादा:
अजून एक राहिलं. भाच्याचे डोळे आत्ताच तपासून घ्या, रंग ओळखण्याची टेस्ट सकट. भावाबरोबर पळणारा एक जण ग्राउंड पूर्ण मारून तिथेच अडकला.