घरात टाकलेली मिरची-टोमॅटोची रोपे बुडाशी कुजून कोलमडतात; प्रतिबंध कसा करावा?

प्रश्न (ठाणे)

नमस्कार. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात बाल्कनीत झड येत असल्यामुळे मिरची, टोमॅटो आणि वांग्याचे बी मी घरातच, पूर्वेच्या खिडकीशी, प्रोट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) टाकते. उगवण चांगली होते; परंतु रोपे दुपानी झाली की एखाद्या कोपऱ्यातील रोपे आडवी पडू लागतात आणि दोन-तीन दिवसांत तो सगळा कोपरा रिकामा होतो. पडलेल्या रोपाची पाने हिरवीच असतात, खोड मात्र मातीलगत पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याइतके बारीक झालेले दिसते. माध्यम म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट निम्मे-निम्मे घेते. ट्रे एका मोठ्या ताटात ठेवून पाणी ताटात घालते आणि वर पारदर्शक झाकण ठेवते. घरात लहान मूल असल्याने रासायनिक बुरशीनाशके शक्यतो टाळायची आहेत. पुढच्या खेपेला बी टाकण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १ (वनस्पतीरोगशास्त्राचा अध्यापक)

आपण केलेले वर्णन रोपे कोलमडण्याच्या रोगाचे, म्हणजे शेतकरी ज्याला रोपांची मर म्हणतात त्याचे आहे. पिथियम, रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम हे त्याचे नेहमीचे कारक होत. यांपैकी पिथियम काटेकोरपणे पाहता बुरशी नसून बुरशीसदृश जीव आहे, आणि हा फरक आपल्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो, कारण त्याचे चल बीजाणू पाण्यात पोहत जातात. ताटात सतत पाणी साचलेले असेल, तर एका कप्प्यातला रोग त्याच पाण्यातून शेजारच्या कप्प्यांत पोहोचतो. खालून पाणी देण्याची पद्धत चांगलीच आहे, कारण खोड कोरडे राहते. मात्र माध्यमाने पाणी वरपर्यंत ओढून घेतले की, साधारण अर्ध्या तासाच्या आत, उरलेले पाणी ओतून टाकलेच पाहिजे.

दुसरी शंका कंपोस्टविषयी आहे. अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर रायझोक्टोनिया सहज वाढते. शिवाय पहिली खरी पाने येईपर्यंत रोपाला बियातील साठा जवळजवळ पुरतो, त्यामुळे या अवस्थेत खताची घाई करण्याचे कारणच नसते; उलट जास्त नत्राने खोड लुसलुशीत होते आणि रोगाला लवकर बळी पडते. बी टाकताना नुसते कोकोपीट, किंवा त्यात थोडे परलाइट (माध्यम मोकळे ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) घ्यावे आणि कंपोस्ट पुनर्लागवडीच्या कुंडीसाठी राखून ठेवावे. जुने ट्रे वापरायचे असतील, तर चिकटलेली माती घासून काढावी, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात ते काही वेळ बुडवून ठेवावेत, मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावेत. माती निघाल्याशिवाय ब्लीचचा उपयोग होत नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

उत्तर २ (रोपवाटिकाधारक, जुन्नर तालुका)

सरांनी सांगितले ते बरोबरच आहे. माझा भर वाफशावर, म्हणजे माध्यमातील ओल आणि हवा यांच्या योग्य मेळावर राहील. कोकोपीट भिजवल्यावर मूठभर घेऊन दाबून पाहावे. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. रोपवाटिकेत आम्हीही बी टाकलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतो, परंतु पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी प्लास्टिक काढून ट्रे उजेडात मांडतो. आपले झाकण त्यानंतरही राहत असेल, तर आतल्या कोंदट हवेतच रोगाचे निम्मे काम होते. माध्यमावर हिरवट शेवाळ धरले किंवा चिलटे घोंघावू लागली, की पाणी जास्त होत आहे असे समजावे.

रसायने नको असतील, तर ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी, पावडरच्या रूपात मिळते) वापरावे. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे. घरी चिमूटभर बियाण्याला ओलसर करून पावडरचा पातळ लेप पुरतो, आणि थोडी पावडर माध्यमातही मिसळावी. पाकिटावरील मुदत अवश्य पाहावी, कारण ही जिवंत बुरशी आहे. संकरित बियाणे गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल, तर त्यावर बहुधा बुरशीनाशकाचा लेप आधीच दिलेला असतो. पाकिटावर तसे लिहिलेले असल्यास ते भिजत घालू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

उत्तर ३ (टोरांटो)

आमच्याकडे बाहेर बर्फ असताना, मार्चमध्येच, टोमॅटोचे बी घरात टाकावे लागते, म्हणून दोन गोष्टी जोडतो. पहिली उजेडाची. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात रोपे उंच, फिकट आणि कमकुवत होतात. ट्रेच्या वर साधारण १० सेंटिमीटरवर एलईडी पट्टी दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवली, की खोड बुटके आणि दणकट होते. दुसरी वाऱ्याची: लहान पंखा अगदी मंद ठेवून रोपे जेमतेम हलतील एवढाच वारा खेळवावा, म्हणजे मातीचा पृष्ठभाग लवकर सुकतो. तुमच्याकडे ऊब भरपूर असल्यामुळे तापणारी चटई लागणार नाही.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. झाकण मी रोपे चार पानांची होईपर्यंत ठेवत होते, ते आता कोंब दिसताच काढीन. मातीवर दालचिनीची पूड भुरभुरावी, असे अनेक जण सांगतात. त्याचा उपयोग होतो का? आणि सध्याच्या ट्रेमध्ये उरलेली रोपे वाचतील का?

उत्तर १

दालचिनीत बुरशीरोधक घटक आहेत, हे खरे. परंतु रोग मातीच्या आत, मुळाशी आणि खोडाच्या बुडाशी चालतो, आणि पृष्ठभागावरची पूड तिथवर पोहोचत नाही. ओल तशीच राहिली, तर त्या पुडीवर विसंबून राहू नये.

आडवे पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते आणि त्याला लागून असलेल्या कप्प्यांतली रोपे मातीसकट काढून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टच्या डब्यात नव्हे. उरलेल्या ट्रेचे पाणी वरचा थर फिकट दिसेपर्यंत बंद ठेवावे. नंतर एखादे रोप हलकेच उपटून पाहावे: जारवा (बारीक मुळ्यांचा झुपका) पांढरा असेल तर बाकीची रोपे ठेवावीत, तपकिरी, पाणचट निघाला आणि मुळीची साल बोटांत सुटून आली, तर तो ट्रे रिकामा करून नव्या कोकोपीटमध्ये पुन्हा बी टाकणे चांगले. मिरचीला अजून वेळ गेलेली नाही.